माझ्या मापाची बंदूक

बंदुकीलाही माप असतं, ब्लाउजसारखं, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. मी कणीक मळत होते. नवऱ्याने माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि किचनच्या बेंचपाशीच मला उभं केलं.

“उजवा हात वाकव. कोपरात. आता हलू नकोस.”

“पीठ लागलंय हाताला.”

“लागू दे. मला कोपरापासून बोटापर्यंत पाहिजे, चपाती नकोय.”

त्याने माप घेतलं, मोबाइलमध्ये टाकलं, टेप परातीशेजारी फेकली आणि गेला. बंदूक त्याची, लायसन्स त्याचं, हौसही त्याचीच. माप मात्र माझं, कारण रात्रपाळीला तो वेअरहाउसमध्ये असणार आणि घरात चोर शिरले तर बंदूक मी उचलायची, असं त्याने ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं. आमच्या घरात मला विचारायची पद्धत नव्हती, सांगायची होती. टेपला लागलेलं पीठ मी नंतर ओल्या फडक्याने पुसलं.

हे आमचं ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनातलं घर. पण त्या बंदुकीची गोष्ट त्याच्या किती तरी आधी, मी स्टुडंट होते तेव्हा सुरू झाली. ते दिवसच तसे होते. पुण्याहून, लुधियान्याहून, हैदराबादहून विमानं भरभरून पोरं येत होती, कोणी कुकिंग शिकायला, कोणी केस कापायला, कोणी माझ्यासारखी अकाउंटिंग करायला. शिकायचं फारसं कोणाला नव्हतं, राहायचं सगळ्यांना होतं. आमचं कॉलेज म्हणजे सिटीतल्या एका इमारतीचा एक मजला आणि खाली कबाबचं दुकान, त्यामुळे लेक्चरभर कांद्याचा वास यायचा. परीक्षा मी दिली होती, व्हिसा माझ्या नावावर होता आणि नवरा माझ्यामागून डिपेंडंट म्हणून आला होता. तो शब्द त्याला शेवटपर्यंत पचला नाही. कुठल्याही फॉर्मवर तो दिसला की त्या दिवशी भाजीत मीठ कमी निघायचं, मी टाकलेलं असो वा नसो.

आपल्या मुलांना मारायचेही तेच दिवस होते. ट्रेनच्या डब्यात, पार्किंगमध्ये, शिफ्ट संपवून घरी जाताना. एका संध्याकाळी आम्ही दोघं शहराच्या वेस्टमधल्या आमच्या स्टेशनवर उतरलो आणि तीन पोरं आडवी आली. त्यातल्या एकाने नवऱ्यापुढे हात केला आणि फोन मागितला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि पळाला. रॅम्पवरून खाली, रस्त्यापलीकडे, थेट पेट्रोल पंपाच्या उजेडात. मला हाकसुद्धा न मारता. मी प्लॅटफॉर्मवर उभी. त्यांनी माझी बॅग घेतली, एकाने जाता जाता ढकललं, मी बाकाच्या कडेवर आपटले आणि ओठ फाटला. पोरं त्याच्या पळण्याची नक्कल करत, हसत निघून गेली. ओठ फाटला नसता तर मीही हसले असते, इतका तो वाईट पळत होता.

घरी आल्यावर म्हणाला, “मी हेल्प आणायला गेलो होतो.”

मी ओठाला बर्फ लावत होते, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ आली नाही. तो विषय पुन्हा निघाला नाही. दाराला मात्र दुसरं कुलूप आलं, मग खिडक्यांना, आणि त्याच्या बोलण्यात ‘सिक्युरिटी’ हा शब्द आला तो कायमचा.

पुढे कायम राहायची पीआर मिळाली, घर झालं, लेक झाली. समोरची खोली आम्ही स्टुडंट्सना द्यायचो, कारण पोरांचा लोंढा अजून थांबला नव्हता आणि खोली रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत भरायची. एस्टेट नवी होती, निम्म्या घरांत आपलीच माणसं. मग वेस्टमध्ये घरफोड्यांच्या बातम्या सुरू झाल्या. गाडीच्या चाव्यांसाठी पोरं गॅरेजमधून शिरतात, झोपेतून उठवतात, धमकावतात. एस्टेटच्या ग्रुपवर रोज कोणाच्या तरी कॅमेऱ्यातला धुरकट व्हिडिओ यायचा. ज्यांच्या घरात कोणी क्रिकेट खेळत नव्हतं त्यांनीही दाराआड बॅट ठेवली. काही वाईट होत नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्या भीतीत कित्येक पुरुषांचा चेहरा खुलला होता, आणि त्यात माझा नवरा सगळ्यात पुढे होता.

वेअरहाउसमधल्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने त्याला सशांच्या शिकारीला नेलं. आमच्या सासरी अंडं आणलं तर भांडं वेगळं ठेवायचे, आणि हा शिकारीला! पण ‘मेट’ म्हणवून घ्यायची त्याला फार ओढ होती. त्यासाठी त्याने शिकारीचं लायसन्स काढलं, जुनी दुनळी बंदूक घेतली, झोपायच्या खोलीतल्या वॉक-इन कपाटात स्टीलचा लॉकर भिंतीला ठोकून घेतला. एकही ससा घरी आला नाही. मारलेले सगळे मेटला देऊन टाकले, असं तो सांगायचा. ससे त्याच्या हातून मेले असतील तर म्हातारपणाने, असं मी मनात म्हणायचे.

लायसन्सच्या कोर्समध्ये त्याला स्पष्ट सांगितलं होतं की घराच्या रक्षणासाठी बंदूक या देशात मिळत नाही, तसं कारण दिलं तर अर्जच नाकारतात. घरी येऊन तो हसला होता. “कागदावर ससे,” म्हणाला, “मनात चोर.”

माझं माप घेतल्यावर तो मला आणि बंदुकीला घेऊन दुकानात गेला. दुकानदार म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा. नवऱ्याने आधी विचारलं, नळी आखूड करता येईल का, पॅसेजमध्ये वळायला सोपं पडेल. म्हाताऱ्याने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

“यू हंट रॅबिट्स इन अ पॅसेज, मेट?”

नवरा हसला, जोक म्हणाला. म्हातारा हसला नाही. दस्ता लहान करून द्यायला मात्र तो तयार झाला, बुटक्या माणसांसाठी तसं करतातच. “फॉर द लेडी? यू शूट, लव्ह?” त्याने मला विचारलं.

“शी लव्ह्ज इट,” नवरा म्हणाला.

दस्त्याचा कापलेला तुकडा म्हाताऱ्याने कागदी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. छान गुळगुळीत अक्रोडाचं लाकूड होतं. लेकीने तो उचलला आणि बाहुलीचा पलंग केला. नवऱ्याने बंदुकीला पुढे टॉर्च बसवला, दस्त्याला काडतुसं अडकवायचा पट्टा लावला, मागे रबराची गादी चढवली, आणि एवढं सगळं करून ती माझ्या खांद्याला लावली. ती बसली. लग्नातला ब्लाउज बसला नव्हता, पण ही अगदी बेतून शिवल्यासारखी बसली. त्याच्या स्वतःच्या खांद्याला आता ती लावताच येत नव्हती, हात आखडायचे. तेव्हा मला कळलं की रात्रपाळी हे निमित्त आहे. चोर आले तर पुढे कोण उभं राहणार हे त्याने त्या स्टेशनवरच ठरवून टाकलं होतं. माझी इतकी किळसवाणी चेष्टा आयुष्यात कोणी केली नव्हती, आणि करणाऱ्याला ती चेष्टा आहे हेही कळत नव्हतं.

मग ड्रिल सुरू झालं. संध्याकाळी, शिफ्टला जायच्या आधी. तो गॅरेजमध्ये जायचा, डोक्यावरून हुडी ओढायचा आणि गॅरेजचं शटर रिमोटने वर करायचा. शटरचा खडखडाट ऐकू आला की चोर आले असं समजायचं. लेकीला तिच्या खोलीतल्या कपाटात बसवायचं, सरकतं दार लावायचं, धावत जाऊन लॉकर उघडायचा, बंदूक घ्यायची आणि पॅसेजच्या टोकाला, लेकीच्या खोलीपुढे उभं राहायचं. तो गॅरेजच्या आतल्या दारातून शिरणार, मी टॉर्च लावून त्याच्यावर नेम धरणार. चाप ओढायचा नाही. मग तो हुडी काढायचा, मोबाइलवरचं घड्याळ बघायचा आणि बोलायला लागायचा.

“म्हैससुद्धा लवकर उठते. काय करत होतीस?”

“कुकर बंद करत होते.”

“चोर थांबणार आहेत तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत?”

पहिल्या ड्रिलला लेकीला लपाछपी वाटली. नुकतीच शाळेत जायला लागली होती ती. कपाटात बसून खुदकन हसली. त्याने दार सरकवलं, वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला, “यू लाफ्ड. सो नाऊ मम्मी इज डेड.”

ती पुन्हा कधी हसली नाही. नंतर नंतर मला तिला बसवावंही लागायचं नाही. शटर वाजलं की हातातला चमचा खाली ठेवून ती स्वतःच कपाटात जायची आणि आतून दार ओढून घ्यायची. “सी? शी इज बेटर दॅन यू,” तो मला ऐकवायचा. त्याने अंगणाच्या सरकत्या दारांच्या रुळांत झाडूचे दांडे कापून बसवले होते, बाहेरून कोणी सरकवू नये म्हणून, आणि लेकीला त्याने ते कसे बसवायचे ते शिकवलंही होतं. ते ती लक्ष देऊन शिकली.

समोरच्या खोलीत तेव्हा नाशिकची एक मुलगी राहायची, नर्सिंग शिकणारी. एकदा ती बाथरूममधून बाहेर आली आणि माझ्या हातातल्या बंदुकीसमोर टॉवेल घेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, “ताई, तू पण निघ ना.” जसं काही मी ट्रॅमची वाट बघत होते. तिचा मला भयंकर राग आला, कारण तिच्याजवळ एक सुटकेस होती आणि तेवढंच तिचं घर होतं.

मग सासूबाई आल्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर, साताऱ्याहून. मला वाटलं, आईपुढे तरी हा नाटक बंद करेल. झालं उलटंच, त्याला प्रेक्षक मिळाला. सासूबाई सोफ्यावर बसून ड्रिल बघायच्या, हातात शेंगा सोलायचं ताट. लेकाचं काय कौतुक ते! “आमच्या घराण्यात असा कोणी झाला नाही,” म्हणायच्या. ते खरंच होतं. त्यांच्या घराण्यात धारेची वस्तू म्हणजे विळी आणि अडकित्ता. आणि मला म्हणायच्या, “अगं, बंदूक धरतेस तशी पोळी धरली असतीस तव्यावर, तर वातड झाली नसती.”

एका संध्याकाळी ड्रिल झालं, टॉर्चचा झोत मी त्याच्या छातीवर धरला, तो हुडी काढून पुढे आला. माझ्या हातातून बंदूक घेतली आणि मधे मोडून उघडली. दोन्ही नळ्यांत लाल काडतुसं होती.

“उघडून बघितलं नाहीस,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं.”

मला आधी कळलंच नाही. माझ्या पाठीमागे दोन पावलांवर लेकीची खोली होती. मी पॅसेजमध्ये धावत वळले होते, ती वळताना नळी कुठे कुठे फिरली असेल याचा मी विचार करू लागले. मी भिंतीला धरून खाली बसले.

“माझ्या हातून गोळी सुटली असती तर?”

“नसती सुटली. चाप ओढायला धमक लागते, ती तुझ्यात नाही. म्हणून तर भरलेली ठेवली.”

सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, “त्याला माणूस कळतो हो.”

खरं सांगते, मला पहिला विचार आला तो लेकीचा नव्हता. पहिला विचार असा आला की आत काडतुसं आहेत हे मला आधी माहीत असतं तर. तो विचार पुरता मनात आला आणि गेला नाही. अजूनही पुरता गेलेला नाही. त्या क्षणी मी ठरवलं की ही बंदूक घरातून गेलीच पाहिजे, नाहीतर एक दिवस ती लेकीच्या कपाटाच्या दारातून आरपार जाईल किंवा याच्या छातीतून, आणि दोन्हीकडे चाप ओढणारी मीच असेन.

पोलिसांत जायची सोय त्याने आधीच बंद केली होती. “लायसन्स माझं आहे, पण हात तुझे आहेत,” तो म्हणायचा. “लायसन्स नसताना बंदूक धरतेस रोज. तक्रार केलीस तर पहिली आत तू जाशील. मग पोरीला मी सांभाळीन, आणि आई आहेच.” ती धमकी मला पुरायची. लेकीला या दोघांच्या हाती देण्यापेक्षा मी रोज संध्याकाळी उभी राहिले असते.

पुढे दोनेक आठवड्यांनी पोलिसांचाच फोन आला. तो ड्रिलसाठी गॅरेजमध्ये गेला होता, मोबाइल किचनच्या बेंचवर चार्जिंगला. मी उचलला. कुणीतरी बाई होती, अगदी गोड आवाजात बोलली. बंदूक नीट कुलपात ठेवली आहे ना एवढं बघायला रूटीन इन्स्पेक्शनला यायचं होतं, कधी सोयीचं पडेल असं विचारत होती. मी फ्रिजकडे पाहिलं. इंडियन शॉपने दिलेलं तिथीचं कॅलेंडर तिथे होतं आणि सासूबाईंनी नवरात्राच्या चौकोनांवर कुंकवाची बोटं उमटवली होती. आदल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं होतं की घरात शस्त्र असून खंडेनवमीला ते कपाटात कोंडायचं म्हणजे अवलक्षण, बंदूक पाटावर मांडायची, आणि एकदा पूजेला लावलेलं शस्त्र दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हलवायचं नाही म्हणजे नाही.

“द डे आफ्टर खंडेनवमी,” असं काही मी म्हटलं नाही अर्थात. कॅलेंडरवरच्या दसऱ्याच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ती इंग्रजी तारीख सांगितली. आफ्टरनून.

“नो वरीज,” ती बाई म्हणाली.

तेवढ्यात शटर वाजलं. मी धावले, लॉकर उघडला, आता रोज बघत होते तशी बंदूक उघडून बघितली, उभी राहिले. तो आत आला तसं मी सांगितलं. लपवलं नाही. नेम धरूनच सांगितलं, “पोलिसांचा फोन होता, दसऱ्याला दुपारी इन्स्पेक्शनला येणारेत.”

“ड्रिल चालू असताना बोलायचं नाही,” तो ओरडला. “एकदा सांगितलेलं कळत नाही? चोराशी गप्पा मारणारेस? परत कर. सगळं परत.”

मी सगळं परत केलं. त्याने नंतर विचारलं नाही आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. एकदा सांगितलेलं त्याला कळायला हवं होतं.

खंडेनवमीला मी स्वतः पाट धुऊन दिला. समोरच्या खोलीत पूजा मांडली. नवरा जरा कचरला, “आई, रात्री लॉकरमध्ये ठेवतो, रूल आहे तसा.” सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा शाळकरी झाला. “देवापुढचं शस्त्र उचलणार? अपशकुन करणार पोराबाळांच्या घराला? एक दिवसाने तुझं ऑस्ट्रेलिया बुडत नाही.” लोकांपुढे वाघ, आईपुढे शेळी. बंदूक पाटावर राहिली, तिच्या दस्त्याला हळद, नळ्यांना कुंकू, टॉर्चला झेंडूची माळ. विड्याच्या पानांवर सुपारी ठेवतात तिथे सासूबाईंनी लाल काडतुसं मांडली आणि वर अक्षता टाकल्या. नवऱ्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकले. आजूबाजूला आपट्याचं झाड नाही, म्हणून सोन्यासाठी मी पार्कमधून गम ट्रीची, म्हणजे निलगिरीची, पानं तोडून आणली. इतक्या मनापासून मी कुठलाच सण केला नव्हता.

त्या आठवड्यात रात्रपाळी नव्हती, दसऱ्याला तो सकाळच्या शिफ्टला गेला. “पडदे ओढून ठेव,” एवढंच सांगून गेला.

दुपारनंतर बेल वाजली. दोन पोलीस, एक वयस्क बाई आणि एक तरुण. मी दार उघडलं, पडदे आधीच उघडले होते. सासूबाई पाटापाशी बसल्या होत्या. त्यांनी आधी बूट पाहिले.

“त्यांना सांग, चपला बाहेर. पूजा आहे.”

लेक शाळेच्या युनिफॉर्ममध्येच होती. “आजी सेज शूज आउटसाइड,” तिने सांगितलं. तरुण पोलिसाने बाईकडे पाहिलं, बाईने खांदे उडवले आणि बूट काढले. मग ते दोघं मोज्यांवर समोरच्या खोलीत आले आणि पाटावरची बंदूक, पानांवरची काडतुसं बघत उभे राहिले.

“इज द ओनर होम?” बाईने विचारलं.

“ॲट वर्क,” मी म्हटलं.

सासूबाईंना पाहुण्यांपुढे गप्प बसवेना. त्यांनी नातीला पुढे केलं. “सांग त्यांना, माझ्या मुलाने घराच्या रक्षणासाठी ठेवलीय. ससे-बिसे काही मारत नाही तो, आम्ही तसले नाही. चोरांसाठी आहे. सुनेला पण शिकवलीय, तिच्या मापाची करून घेतलीय, रोज सराव करून घेतो.”

लेकीने मान डोलावली आणि आजीचा शब्दन् शब्द सांगितला, पाठ केलेल्या कवितेसारखा. “डॅडी डझन्ट शूट बनीज. इट्स फॉर रॉबर्स. ही मेड इट मम्मीज साइझ. वी प्रॅक्टिस एव्हरी डे.” आणि आजीने न सांगितलेलं पुढचंही, कारण ती विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देणारी मुलगी होती. “डॅडी कम्स इन द गॅरेज अँड मम्मी पॉइंट्स इट ॲट हिम.”

“हुशार आहे,” सासूबाई पोलिसांना म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर गम ट्रीचं एकेक पान ठेवलं. “सोनं घ्या.”

बाईने पान खिशात ठेवलं. हातमोजे घातले, बंदूक उचलली, झेंडूची माळ काढून काळजीपूर्वक पाटावर ठेवली. अपशकुन झाला म्हणून सासूबाई किंचाळल्या, मग रडायला लागल्या. बाईने बंदूक उघडून बघितली, मग तोकडा दस्ता पाहिला आणि माझ्या हाताकडे पाहिलं.

“हॅव यू गॉट अ लायसन्स?”

“नो,” मी म्हटलं. “ही मेड मी. प्लीज, माय डॉटर.” एवढंच मला बोलता आलं. इतकी वर्षं या देशात राहून, अकाउंटिंग पास होऊन, एवढंच इंग्रजी तोंडातून निघालं. आता मला नेणार आणि लेक या दोघांजवळ राहणार असं मला वाटलं आणि सगळी हुशारी माझ्याच अंगावर आल्यासारखी वाटली. सासूबाईंना काय वाटत होतं याची मला फिकीर नव्हती. त्या रडत होत्या ते बघून बरंच वाटत होतं.

बाईने काही लिहिलं नाही. माझ्या ओठावरचा जुना व्रण बघत ती काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात गॅरेजचं शटर वाजलं. शिफ्ट संपवून नवरा घरी आला होता.

लेकीच्या हातात गम ट्रीचं पान होतं. ते तिने पाटाच्या कडेला ठेवलं आणि पॅसेजमधून चालत गेली. धावली नाही, रडली नाही, कोणाकडे पाहिलं नाही. खोलीत जाऊन कपाटात शिरली आणि दार सरकवल्याचा आवाज आला. मी मात्र सवयीने लॉकरकडे एक पाऊल टाकलं आणि थांबले, कारण बंदूक पोलिसाच्या हातात होती.

नवरा आतल्या दारातून आला. पोलीस, बंदूक, रडणारी आई, सगळं त्याने एका नजरेत पाहिलं. आणि मी शपथेवर सांगते, त्याने मागे वळून गॅरेजच्या उघड्या शटरकडे पाहिलं. तरुण पोलीस दार अडवून उभा राहिला.

“मी तिला हजारदा सांगितलं होतं, हात लावू नकोस म्हणून,” तो माझ्याकडे बोट करून पोलिसाला इंग्रजीत सांगू लागला. “शी इज नॉट वेल.”

कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती बाई पॅसेजमधून लेकीच्या खोलीत गेली होती. मी तिच्या मागे गेले. ती मोज्यांवरच कपाटापुढे गुडघ्यांवर बसली.

“इट्स ओके, स्वीटहार्ट. यू कॅन कम आउट. देअर्स नो रॉबर. इट्स ओन्ली युअर डॅड.”

“आय नो,” आतून लेक म्हणाली.

बाईने दार सरकवून पाहिलं. ते हललं नाही. फटीतून दिसलं, आतून रुळात लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा अडकवलेला होता, माझ्या मापासाठी कापून काढलेला.